अडकित्त्याचा मार्का

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कॉलेजात मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आपलं काम भिंतीवर लावायचं, शेजारच्या टेबलावर प्रोसेसची वही ठेवायची, आणि आम्ही तिघांनी ती चाळून प्रश्न विचारायचे, असा तो कार्यक्रम असतो. प्रोसेसची वही म्हणजे एखादं बोधचिन्ह तयार होईपर्यंत काय काय पाहिलं, कुठे अडलो, किती कागद वाया घालवले याचा पुरावा. ग्राफिक डिझाइनच्या शिक्षणात या वहीला फार मान आहे. चिन्ह बरं असलं आणि वही कच्ची निघाली तर गुण कापले जातात.

एका मुलीची वही उघडली आणि तिसऱ्याच पानावर मला कळलं की ही मागून पुढे भरलेली आहे. म्हणजे आधी शेवटचं चित्र झालं आणि त्याच्याकडे नेणारी पन्नास-साठ रेखाटनं नंतर बसून काढली. खरी वही भरकटते. तिच्यात मधेच कुणाचा तरी पत्ता लिहिलेला असतो, एखादं पान रागानं खोडलेलं असतं, एक कल्पना दहा पानं चालते आणि कुठेच न जाता मरते. या मुलीच्या वहीत प्रत्येक रेखाटन शहाण्यासारखं पुढच्या रेखाटनाचा हात धरून चाललं होतं. दोन पानांवर चहाचे डागही होते, अगदी शोभतील अशा कोपऱ्यांत. बरोबरच्या दोघांनी दिले त्यापेक्षा जास्त गुण देऊन मी मोकळी झाले. वहीवर चहा कसा सांडायचा हे मला तिच्याहून चांगलं माहीत आहे, आणि ते आठवलं की पुंजाअण्णा आठवतात.

पुंजाअण्णा मार्के कापायचे. कांद्याच्या गोण्यांवर प्रत्येक व्यापाऱ्याची खूण असते, तिला मार्का म्हणतात. तेलाच्या डब्याचा पत्रा सपाट करून त्यात छिन्नीनं आकार कापायचा, तो पत्रा गोणीवर धरून वरून शाईचा बोळा फिरवायचा, की गोणीवर मार्का बसला. जुन्या नाशकात भद्रकालीच्या मागे भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत अण्णांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका माणसानं मांडी घातली की भरून जाईल एवढी जागा. चांदवड, देवळा, सिन्नर, सगळीकडचे व्यापारी तिथे यायचे आणि गल्लीत उभे राहूनच बोलायचे, कारण आत बसायची सोय नव्हती.

मी तिथे पोचले ते पाणी मागायला. शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी फर्मान काढलं होतं की पंधरा दिवस मोबाईलवर चित्रं बघायची नाहीत. जगभरची बोधचिन्हं बघून बघून तुमची डोकी एकसारखी झाली आहेत, जरा गावात फिरा, डोळे उघडे ठेवा, असं ते म्हणाले. मग आम्ही तेवीसच्या तेवीस जण कॅमेरे घेऊन जुन्या नाशकात शिरलो आणि जुन्या दारांचे फोटो काढून आलो. एकच निळं दार सात जणांच्या वहीत निघालं. सरांनी त्या दाराला नमस्कार केला आणि आम्हाला पुन्हा पिटाळलं. दुसऱ्या खेपेला एप्रिलच्या उन्हात मी एकटीच हिंडत होते. घसा सुकला होता. समोर एक म्हातारा माणूस गल्लीच्या मधोमध कंबरेत वाकून, स्वतःच्या काखेखालून मागे बघत होता. मला वाटलं यांना चक्कर आली. धावत जाऊन धरलं, तर ते वैतागून म्हणाले की बाई, सोड, मी मार्का बघतोय.

मागच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर निळ्या शाईत एक घंटा होती.

अण्णांची ही सगळ्यांत मोठी खोड. कापलेला प्रत्येक मार्का ते आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उठवायचे, समोरच्या भिंतीवर लावायचे, गल्लीच्या टोकाला जायचे, चष्मा काढायचे आणि बघायचे. चष्मा लावून कायबी चांगलं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मग वाकून काखेखालून उलटा बघायचे. कारण विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की कॉलेजात आम्हाला नक्की काय शिकवतात असा त्यांना प्रश्न पडला असावा. गोणी थप्पीत पडते तेव्हा ती सरळच पडेल असं कुणी सांगितलंय, हमालाच्या पाठीवर ती वाकडी बसते, उलटी बसते, आणि ती उचलणारा माणूस नावं वाचत नाही, खूण बघतो. म्हणून मार्का उलटा झाला तरी ओळखू आला पाहिजे. आणि त्याहून मोठं म्हणजे एकाचा मार्का उलटा केल्यावर दुसऱ्याचा निघता कामा नये.

त्या दिवशीची घंटा उलटी केल्यावर तांब्यासारखी दिसत होती, आणि तांब्याचा मार्का सिन्नरच्या एका व्यापाऱ्याला आधीच दिलेला होता. घंटेचा मालक तिथेच उभा होता. त्याला घाई होती. एवढं कोण बघतंय, द्या तसाच, म्हणाला. अण्णांनी दोन दिवस खपून कापलेला पत्रा त्याच्यादेखत दुमडून कोपऱ्यात फेकला.

"हमाल बघतो," ते म्हणाले. "तुम्ही कुठं गोणी उचलता?"

मी पाणी प्यायले, आणि पुढचे सहा आठवडे रोज दुपारी तिथेच जात राहिले.

अण्णांना मी काय शिकते हे कधी नीट कळलं नाही, आणि मीही समजावण्याच्या फंदात पडले नाही. कॉलेजची ताई एवढी माझी ओळख त्यांना पुरली. माझं नावसुद्धा त्यांनी विचारलं नाही. दुकानाच्या पायरीवर एक रिकामं पोतं घडी करून टाकायचे, की मी बसले. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. शेंगदाणे आणि गूळ हे त्यांचं दुपारचं जेवण, आणि त्यातला निम्मा गूळ माझ्या हातावर यायचा. स्वतःचं वय ते प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं सांगायचे. रेडिओ लावून त्याच्याशी भांडायचे. हट्टी इतके की एखाद्या व्यापाऱ्यानं आपल्या पसंतीचं चित्र छापून आणलं तर ते हातातही घ्यायचे नाहीत.

एकाला मोर हवा होता. अण्णांनी कापला, भिंतीवर लावला, आणि नेहमीप्रमाणे गल्लीतून जाणाऱ्या माणसांना थांबवून विचारायला सुरुवात केली, काय दिसतं म्हणून. स्वतः काही सुचवायचं नाही, नुसतं विचारायचं, आणि तीन माणसांनी एकच उत्तर दिलं की मार्का पक्का, हा त्यांचा नियम. पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईंना कोंबडी दिसली. पितळेच्या दुकानातल्या गड्यालाही कोंबडी दिसली. तिसरी मी. मी मोर म्हणावं म्हणून तो व्यापारी माझ्याकडे आशेनं बघत होता, पण खरंच कोंबडीच होती. तुमचा मार्का कोंबडी झाला, पाहिजे तर घ्या, असं अण्णांनी शांतपणे सांगितलं. त्यानं तणतणत घेतला. पुढे बाजारात त्याला सगळे कोंबडीशेठ म्हणायला लागले आणि त्याचा माल दुरून ओळखू यायला लागला, तेव्हा तो अण्णांना खास भेटायला आला होता.

आमच्या सरांना जे पंधरा व्याख्यानांत सांगता आलं नाही ते मला त्या पायरीवर फुकट मिळत होतं. हे मला तेव्हाच कळत होतं. म्हणून पुढचं जे आहे ते मी अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय नाही.

अण्णांच्या फळीवर कॅलेंडरच्या पानांचा एक जाडजूड गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवलेला असायचा. एका पानावर एकच मार्का, खाली ज्याला दिला त्याचं नाव आणि गाव. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कापलेले सगळे मार्के त्यात होते. त्या गठ्ठ्याला ते 'गाव' म्हणायचे. नवा मार्का करायचा झाला की आधी सगळं गाव उलगडायचं, कुणाशी कुणाचं तोंड जुळत नाही ना ते बघायचं. एकाला दिलेला मार्का दुसऱ्याला कधीही द्यायचा नाही. व्यापाऱ्यानं धंदा बंद केला तरी त्याच्या पानाचा कोपरा दुमडायचा आणि तो मार्का निजवायचा, म्हणजे मग तो कुणालाच नाही. सगळा बाजार अण्णांच्या या एका शब्दावर त्यांच्याकडे यायचा. हाताची सफाई इतरांकडेही होती.

मी त्या गठ्ठ्याचे फोटो काढू का, असं विचारलं. अण्णांनी छिन्नी खाली ठेवली.

"बघ. कितीबी बघ," ते म्हणाले. "पण उचलू नको."

मी हो म्हटलं. मान हलवून नव्हे, तोंडानं, स्पष्ट हो म्हटलं.

त्या गावातलं माझं सगळ्यांत आवडतं पान अडकित्त्याचं होतं. तो देवळ्याच्या नथ्थूशेठचा मार्का. तो कसा सुचला ते अण्णांनी मला दोनदा सांगितलं होतं. त्यासाठी ते देवळ्याला जाऊन अख्खा दिवस शेठच्या खळ्यावर, म्हणजे जिथे कांदा निवडून भरतात तिथे, नुसते बसून राहिले होते. शेठ फार बोलायचे, भाव सांगताना हातवारे करायचे, पण सौदा मनात पक्का झाला की गप्प होऊन सुपारी कातरायचे. अडकित्त्याचा कट् असा आवाज आला की खळ्यावरची माणसं गोण्या शिवायला घ्यायची. अण्णांनी तो अडकित्ता खिळ्याला टांगल्यासारखा काढला होता. वर बिजागरीची गोल गाठ, खाली दोन बाकदार दांडे, मधे सुपारीचा एक ठिपका. चार कापांत संपलेलं चित्र. इतकं कमी काढून इतकं काही सांगता येतं हे बघून माझ्या पोटात दुखायचं.

माझा वर्षाचा प्रकल्पही कांद्याचाच होता. कांदा परदेशी पाठवणाऱ्या एका काल्पनिक कंपनीचं बोधचिन्ह. मी कांदे काढले, कांद्याचे काप काढले, पाती काढल्या, पाकळ्या मोजून काढल्या. चाळीस पानं झाली आणि सगळी मेलेली. सादरीकरणाला बारा दिवस उरले. एका दुपारी घरी बसून फोटो चाळताना अडकित्त्याचं पान समोर आलं, आणि मी ते संगणकावर उलटं फिरवलं. बिजागरीची गाठ खाली आली, दोन दांडे वर गेले. खाली कांदा आणि वर फुटलेले दोन कोंब. मी गाठ थोडी फुगवली, सुपारीचा ठिपका काढून टाकला, हिरवा रंग भरला. अर्ध्या तासाचं काम.

उरलेले दिवस मी वही करण्यात घालवले. खिडकीत पाण्याच्या पेल्यावर एक कांदा ठेवला, त्याला कोंब येतानाचे फोटो काढले, आणि खऱ्या कोंबाचे हळूहळू दोन बाकदार पट्टे होत जातात अशी साठ रेखाटनं ओळीनं काढली. काही मुद्दाम वाईट काढली. चहा सांडला. सुरुवातीच्या पानावर आभार लिहिले होते, त्यात पुंजाअण्णांचं नाव होतं. ते पान मी फाडून नवीन लिहिलं, आणि त्यात सर होते, आई-बाबा होते, ग्रंथपाल होते. कुणी कुतूहलानं त्या गल्लीत जाऊन गठ्ठा उघडला तर, या भीतीनं मी त्यांचं नाव काढलं. मी त्यांचा मार्का घेतला होता हे मला पक्कं ठाऊक होतं, याला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही.

परीक्षक खूश झाले. एकानं ती वही वर धरून सगळ्यांना दाखवली आणि याला म्हणतात निरीक्षण, असं म्हणाला. त्यांच्यातल्या एकाच्या ओळखीनं सिन्नरच्या बाजूला नव्यानं निघालेल्या एका कांदा कंपनीला ते चिन्ह पसंत पडलं. काल्पनिक कंपनीचं चिन्ह खऱ्या गोण्यांवर छापलं जाणार होतं. वर्गात टाळ्या झाल्या, घरी पेढे आले. नाही म्हणायला तेव्हाही वेळ होता. मी कंपनीच्या कागदावर सही केली.

अण्णांकडे जायचं मी टाळत होते. पण निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला, आणि इतक्या दिवसांचा ऋणानुबंध, पेढे तरी द्यावेत, असं वाटून दिवाळीच्या आधी एका सकाळी मी गेले. दुकानापुढे पांढऱ्या धोतरातले एक उंच गृहस्थ पाठमोरे उभे होते. त्यांच्या हातात एक रिकामी गोणी होती आणि तिच्यावर माझे हिरवे कोंब होते.

"अण्णा, हाई काय शे?" ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. देवळ्याकडच्या त्या अहिराणी बोलण्यावरूनच मला कळलं की हे देवळ्याचे नथ्थूशेठ.

झालं होतं ते असं. एका मोठ्या गोदामात दोन्हींचा माल शेजारी शेजारी लागला होता. हमालांनी नेहमीसारखा खुणेवरून माल भरला. थप्पीत उलट्या पडलेल्या कंपनीच्या गोण्या त्यांना अडकित्त्याच्याच दिसल्या, आणि शेठचा निवडक माल आणि कंपनीचा साधा माल एकमेकांत मिसळून तीन ट्रक निघून गेले. शेठनं आयुष्यात पहिल्यांदा माल परत घेतला होता. पण ते त्याबद्दल बोलतच नव्हते. तुम्ही माझा मार्का दुसऱ्याला दिलात, एवढं एकच वाक्य ते वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत होते.

अण्णांनी गोणी हातात घेतली, चष्मा काढला, गोणी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि चालत गल्लीच्या टोकाला गेले. मी तिथेच उभी होते. ते माझ्या शेजारी येऊन थांबले, वाकले, काखेखालून बघितलं, आणि बराच वेळ तसेच राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात होता.

ते परत गेले आणि शेठला म्हणाले, "माझ्याच दुकानातून गेलाय. चूक माझी हाय."

मी बोलायला हवं होतं. चार पावलं पुढे जाऊन, शेठ, हे मी केलंय, एवढंच म्हणायचं होतं. मला वाक्यही सापडलं होतं, ते तोंडात तयार होतं. शेठनं पिशवीतून आपला जुना पत्रा काढला, शाईनं काळा पडलेला, आणि अण्णांच्या ठोकळ्यावर ठेवला. नमस्कार केला आणि माझ्या बाजूनं निघून गेले. मी त्यांना वाट करून दिली.

अण्णांनी मला पोतं घडी करून दिलं नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ताई, उलटा करून बघितला व्हता का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि छिन्नीला धार लावायला घेतली. मी पेढे तिथे ठेवू शकले नाही. तो पुडा तसाच घरी आणला. आईनं विचारलं तेव्हा दुकान बंद होतं म्हणून सांगितलं, आणि संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी ते पेढे खाल्ले.

बाजारात बातमी पसरायला वेळ लागला नाही. पुंजाअण्णा आता एक मार्का दोघांना देतात, असं लोक म्हणायला लागले. तसेही छापील गोण्यांचे दिवस आले होते, अण्णांचं काम कमी होतच होतं, आणि मी त्या वेळी या गोष्टीचा बराच आधार घेतला. कंपनीला मी फोन केला होता. चिन्ह बदलूया का, असं विचारलं. का, असं त्यांनी विचारल्यावर मी म्हटलं की हिरवा जरा गडद हवा होता. एकदा मात्र खरंच निघाले. शेठना सगळं सांगायचं ठरवून बसनं चांदवडपर्यंत गेले. तिथे देवळ्याची जीप लागलेली होती. ड्रायव्हरनं हाक मारली की एकच सीट राहिली, बसा मॅडम. मी म्हटलं, माझं कुणीतरी यायचंय. जीप गेली. समोरच्या हॉटेलात मी एक चहा प्यायले आणि नाशिकच्या बसमध्ये बसले.

आता त्या जागी मोबाईलची कव्हरं विकायचं दुकान आहे. अण्णा मुलीकडे सिन्नरला राहायला गेले असं पितळवाल्यांनी सांगितलं. गाव कुठे आहे म्हणजे तो गठ्ठा कुठे आहे, ते त्यांना माहीत नव्हतं. सिन्नर नाशिकपासून काही लांब नाही. कामासाठी मी महिन्यातून दोनदा त्या कंपनीत जाते, आणि अजून एकदाही चौकशी केलेली नाही.

अण्णांना शेवटचं भेटले ते शेठ येऊन गेल्यावर सात-आठ महिन्यांनी. त्या दिवशी मी सगळं बोलायचंच म्हणून गेले होते. अण्णा एका मांडववाल्यासाठी काहीतरी कापत होते. कांद्याचे व्यापारी येत नव्हते, आता असलीच कामं होती, खुर्च्यांच्या पाठीवर उठवायच्या खुणा. त्यांनी वर पाहिलं, पोत्याची घडी केली आणि पायरीवर टाकली. मी न बसताच सुरुवात केली. अण्णा, मी शेठना जाऊन सांगते, चूक तुमची नव्हती, माझी होती. ते माझं पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिले.

"सांगून काय, त्याचा मार्का परत येईल व्हय?" ते म्हणाले. "गोणीवर बसला तो बसला."

मग उठून त्यांनी मागची पत्र्याची पेटी उघडली. गठ्ठा पूर्वी उघड्या फळीवर असायचा. आता पेटीला कुलूप होतं आणि किल्ली त्यांच्या गळ्यात. माझ्यामुळे त्या दुकानात कुलूप आलं होतं. सुतळी सोडून त्यांनी अडकित्त्याचं पान काढलं. नथ्थूशेठच्या नावावर एक सरळ रेघ मारलेली होती. कोपरा दुमडलेला नव्हता. रेघेखाली तारीख होती आणि तारखेपुढे जागा मोकळी होती.

"नाव काय गं तुझं?" अण्णा म्हणाले. "इतके दिवस इचारायचं राहिलं. इथं टाकायचंय."

मला कळेना. शेठनं मार्का परत केला, तो आता कुणाकडे तरी चालू आहे, मग तो निजवता येत नाही, आणि चालू मार्क्याखाली नाव नसलं तर तो गावात बेवारस राहतो, असं त्यांनी मला हिशोबीपणानं समजावलं. ज्याच्याकडे आहे त्याचं नाव लिहायचं. त्यांच्या गठ्ठ्यात चोरीचा मार्का ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या लेखी मार्का एकतर दिलेला असायचा नाहीतर निजलेला. आणि एकाला दिलेला दुसऱ्याला न देणाऱ्या त्या माणसानं, बाजार त्यांच्याबद्दल जे खोटं बोलत होता ते, माझ्यासाठी स्वतःच्या हातानं कागदावर खरं करून ठेवायचं ठरवलं होतं.

मी म्हणाले, नको अण्णा. ते पेन उघडून थांबले होते.

"नाव सांग."

"मेघना," मी म्हटलं. मार्का उचलल्यापासून त्यांच्या प्रश्नाला मी दिलेलं खरं उत्तर एवढंच.

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर लावून ते लिहिलं. आता हा तुझा, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाय, म्हणाले. पान परत ठेवलं, सुतळी बांधली, कुलूप लावलं, आणि मांडववाल्याच्या पत्र्याकडे वळले. पत्रा कॅलेंडरच्या पाठीवर ठेवून बोळा फिरवला, कागद समोरच्या भिंतीला चिकटवला. खुर्च्या उलट्या रचतात ना, असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटत ते गल्लीच्या टोकाला गेले. चष्मा काढला, वाकले, आणि काखेखालून बघू लागले. मी गल्लीच्या मधोमध उभी होते, डोळे पुसत, त्यांना काय म्हणावं ते शोधत.

त्यांनी वाकल्या वाकल्याच हात हलवला.

"ताई, जरा बाजूला हो," ते म्हणाले. "मार्का दिसंना."

मी बाजूला झाले.